मागच्या खोलीतला परदेश

अग्निशमन केंद्रातल्या त्या माणसाचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. बाकी सगळे त्यांना कवायतमास्तर म्हणायचे. नव्या जवानांना शिडी चढायला लावणं, पाइप उलगडायला लावणं, डोळे बांधून धुरातून रांगायला लावणं, हे त्यांचं काम. चुकलं की पहिल्यापासून. सगळे गाडीत बसले, गाडी सुटली, पाइप लागला, पाणी उडालं, आणि एखाद्याच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली तर मास्तर शांतपणे म्हणायचे, "घंटा वाजवा. परत."

मास्तरांच्या मते कुठलीही गोष्ट पहिल्यांदाच खरीखुरी करणं हा शुद्ध गाढवपणा. आधी सराव, मग खरं. लोक हा नियम कामाच्या जागी पाळतात आणि संध्याकाळी कपड्यांबरोबर खुंटीला टांगतात. मास्तर तो घरी घेऊन यायचे. थोरलीच्या लग्नाआधी त्यांनी लग्नाचा सराव घेतला. सही करताना पेन चाललं नाही, तर नवऱ्या मुलाला खाली पाठवून पुन्हा जिना चढायला लावला. स्वतःच्या आईच्या अंत्ययात्रेचा सराव तर आई धडधाकट असतानाच झाला. म्हातारी कॉटवर आडवी पडून सूचना देत होती, "डावा खांदा खाली गेलाय रे मेल्या, घसरतेय मी!" पुढे खरी वेळ आली तेव्हा सगळं इतकं सुरळीत पार पडलं की रडायचं कुणाला सुचलंच नाही.

अशा माणसाच्या धाकट्या मुलीला परदेशात शिकायला जायचं होतं.

विषय होता गाळ. नदी गाळ कुठून उचलते, कुठे टाकते, धरणं का भरत जातात. तिथल्या विद्यापीठात म्हणे काचेच्या भिंतींची एक खोटी नदी बांधलेली होती. तिच्यात गाळ सोडून तो कसा बसतो ते बघत बसायचं. पोरीने स्वतःच्या हिमतीवर प्रवेश मिळवला, शिष्यवृत्ती मिळवली, व्हिसा मिळवला, तिकीट काढलं. अट एकच होती. ठरल्या दिवशी हजर राहायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला.

वरच्या मजल्यावरचा शिंपी हसला. "गाळ काढायला परदेशात? इथली गटारं काय कमी आहेत?"

"इथे गाळ काढतात, काका," धाकटी म्हणाली. "तिथे तो का साठतो ते विचारतात."

शिंप्याने तोंडातली टाचणी काढली, आणि पुन्हा तोंडात धरली.

मास्तरांची आडकाठी नव्हती, हे आधी सांगायला हवं. मुलगी एकटी कशी जाईल, लोक काय म्हणतील, असली रडगाणी गाणाऱ्यांपैकी ते नव्हते. धुराने भरलेल्या जिन्यात कोण मुलगा आणि कोण मुलगी हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. मात्र मुलगी कधीही न बघितलेल्या इमारतीत शिरणार होती, आणि त्या इमारतीचा सराव कुणी घेतला नव्हता.

ते चौकातल्या परदेशी शिक्षणाच्या मार्गदर्शन केंद्रात गेले. काचेचं दार, आत गुळगुळीत पुस्तिका, पुस्तिकेत दात दाखवून हसणारी मुलं. टायवाला तरुण पोपटासारखा बोलत होता. बाहेर गेल्याने आत्मविश्वास वाढतो, दृष्टी विशाल होते, जगभरच्या ओळखी होतात.

"सराव कधी घेता?" मास्तरांनी विचारलं.

"सराव म्हणजे?"

"थंडीचा. भुकेचा. कुणी ओळखत नाही त्याचा."

"सर, आम्ही विमानतळावर शुभेच्छा द्यायला येतो."

"म्हणजे आग लागल्यावर हात हलवता!" मास्तर उठले ते थेट घरी आले आणि मागची खोली रिकामी करायला घेतली.

तिथून पुढे मागची खोली परदेश झाली.

उंबऱ्यावर केंद्रातल्या पिवळ्या रंगाची जाड पट्टी ओढली. ती सीमा. आतलं घड्याळ मागे करून तिथल्या वेळेला लावलं. आत एक शेगडी, एक पातेलं, एक खाट. धाकटीने आपलं आपण रांधायचं, धुवायचं, आजारी पडायचं. कागदपत्रांच्या प्रती वेगवेगळ्या जागी ठेवायच्या. आत बोलायचं ते फक्त तिथल्या भाषेत. घरच्यांशी संध्याकाळी फोनवर तेवढी मराठी. भिंत एवढी पातळ की फोनमधला आवाज नंतर यायचा आणि भिंतीतला आधी. मास्तर कानात बोट घालून फक्त फोनचा ऐकायचे.

भूमिका वाटल्या गेल्या. मास्तरांची बहीण, म्हणजे धाकटीची आत्या, घरमालकीण झाली आणि दुपारनंतर प्राध्यापक. सीमेवरचा अधिकारी शिंपी. मापं घेऊन घेऊन माणसाकडे वरपासून खालपर्यंत संशयाने बघायची त्याला सवय होतीच.

"इथे कशाला आलात?" शिंपी पट्टीपलीकडे स्टूल टाकून बसला होता.

"शिकायला."

"शिकून परत जाणार?"

"हो, काका."

"काका कोण? साहेब म्हणायचं. परत जाणार कशावरून?"

"माझा ड्रेस तुम्ही कधीपासून शिवायला घेतलाय, साहेब. तो न्यायला यावंच लागेल."

आत्या खो खो हसली. मास्तरांनी घंटा वाजवली. "अधिकाऱ्याशी थट्टा! परत!"

थंडीच्या सरावाला बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आल्या. टबात ठेवल्या, पंखा सोडला. दुपारपर्यंत टब वाहिला, खोलीत घोट्याएवढं पाणी झालं आणि जमिनीवरची धूळ कोपऱ्यात जाऊन बसली. धाकटी कोट घालून खाटेवर उकिडवी बसून त्या कोपऱ्याकडे अशा प्रेमाने बघत होती की आईला पोरीची काळजीच वाटली.

एक मात्र खरं. पोरगी बदलत होती. सुरुवातीला आत्या-प्राध्यापक "मला पटत नाही" म्हणाली की ती गप्प व्हायची. इथल्या शाळेने तेच शिकवलं होतं ना! मोठं माणूस बोललं की मान खाली. आत्याला कशातलंही काही कळत नव्हतं, त्यामुळे तिला काहीही पटत नसे. भातुकलीतल्या त्या विद्यापीठात आत्याला पटवता पटवता धाकटीचा आवाज खणखणीत झाला. एक दिवस ती म्हणाली, "तुम्हाला पटत नाही हे उत्तर नाही झालं. का पटत नाही ते सांगा." आत्या भावाकडे तक्रार घेऊन गेली. "कार्टी उलट बोलते."

"छान," मास्तर म्हणाले. "ते तिथे लागतं."

मग सराव नापास का होत होता? घरच्यांमुळे! धाकटीच्या चुका संपत आल्या, पण परदेश आणि माजघर यांच्यामधली पट्टी कुणालाच झेपेना. आत्या घरमालकीण असताना भाडं मागायला जायची आणि पोरीच्या केसांना तेल लावून यायची. शिंपी सीमेवर घोरायचा. आई तर पक्की तस्कर झाली होती. पदराआडून गरम सूपची वाटी पलीकडे सरकायची. मास्तरांनी रंगेहाथ पकडलं.

"अगं, समुद्र आहे मध्ये! पोहत गेलीस का?"

"पोरगी शिंकली, अहो."

"परदेशात शिंकली! तुला ऐकू कसं आलं?"

"आई आहे मी. ऐकू येतं."

"परत! पहिल्यापासून!"

पहिल्यापासून म्हणजे बॅग भरण्यापासून. अशी बॅग भरता भरता खऱ्या विमानाचा दिवस तोंडावर आला.

"बाबा, सोमवारी निघायचंय," धाकटी फोनवर म्हणाली. भिंतीतूनही म्हणाली.

"निघायची तारीख विमानवाले ठरवत नाहीत. सराव ठरवतो. एक पूर्ण फेरी बिनचूक झाली की जा. पुढच्या वर्षी जा."

"जागा जाईल."

"जागा कुठे पळून जाते?"

"जाते, बाबा. माझ्यामागे रांग आहे तिथे."

"कच्चा माणूस मी आगीत पाठवत नाही. कधीच पाठवला नाही." मास्तरांनी फोन ठेवला. अनेक वर्षांपूर्वी एका आगीत घाईघाईत शिरलेला एक पोरसवदा जवान त्यांच्या पाइपाच्या टोकाला होता आणि परत आला नव्हता. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. घंटा वाजवत.

आता जे मास्तरांना ठाऊक नव्हतं ते वाचणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं. सोमवारी भरदुपारी, मास्तर केंद्रात जवानांना शिडीवर चढवत असताना, धाकटी मागच्या दाराने खरोखरच निघून गेली. शिंप्याने बॅग उचलली आणि जाता जाता तो रखडलेला ड्रेसही शिवून हातात ठेवला. आत्याने प्राध्यापकाच्या आवाजात "मला अजूनही पटत नाही" म्हणून मिठी मारली. आई सीमेवर उभी राहिली. तिने खोलीचं दार आतून लोटून घ्यायची जबाबदारी घेतली.

दार बंद असलं की आत जायचं नाही, हा मास्तरांचाच नियम. तो ते जिवापाड पाळत.

संध्याकाळी फोन आला नाही. मास्तर म्हणाले, "शाब्बास. प्रवासात फोन लागत नाही, हे तिने लक्षात ठेवलं." दुसऱ्या दिवशी आला, आणि मास्तर चकितच झाले. आवाज भिंतीतून येतच नव्हता!

"भिंतीला गाद्या लावल्यास की काय?"

"हं," धाकटी म्हणाली.

मागून घंटेचा आवाज आला.

"हे काय?"

"ट्राम, बाबा."

"व्वा! आवाजसुद्धा जमवलास! आणि कोण बडबडतंय मागे?"

"वर्गातली मुलं."

"शिंप्याला सांग, नक्कल झकास करतोस." शिंपी समोरच बसून चहा पीत होता. मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं, क्षणभर भुवई वर केली आणि निर्णय दिला, "मग आत्याला सांग."

असे दिवस गेले. मास्तरांचा आनंद गगनात मावेना. पोरगी जेवणाबद्दल कुरकुरत नव्हती. आई वाटी घेऊन धावत नव्हती. आत्या तेलाची बाटली शोधत नव्हती. खोलीतून अधूनमधून खोकला यायचा, खाट करकरायची. पूर्ण फेरी बिनचूक! जन्मात पहिल्यांदा या घराने एखादा सराव निभावला होता.

रविवारी मास्तरांनी इस्त्रीचा गणवेश चढवला, बिल्ले लावले आणि पट्टीवर टाचा जुळवून उभे राहिले. "सराव समाप्त! उमेदवार पास!" म्हणून त्यांनी दार ढकललं.

आत खाटेवर पाय पसरून, उशीला टेकून, त्यांची बायको मासिक वाचत होती.

"तू?"

"दुपारची इथेच असते मी," ती म्हणाली. खोकली. मग तेच खोटं खोकणं लक्षात येऊन स्वतःच हसली. "इथे कुणी हाक मारत नाही हो. फार बरं असतं परदेशात."

"धाकटी कुठाय?"

"गेली. त्या सोमवारीच."

मास्तर पट्टीवरच उभे राहिले. आत पाऊल टाकावं की बाहेर, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. शिंपी जिन्यातून वाकून बघत होता. तो हळूच वर सरकला. आत्याने थेट स्वयंपाकघर गाठून भांडी आपटायला सुरुवात केली, म्हणजे कुणी काही विचारू नये.

शेवटी मास्तरांनी फोन लावला.

"सराव अर्धवट टाकून गेलीस!"

"हो, बाबा."

"पास झाली नव्हतीस! त्या दिवशी पास नव्हतीस तू!"

"आजही नाहीये." तिकडे वारा वाजत होता. खरा वारा, बर्फाच्या लाद्यांचा नाही. "पहिल्याच दिवशी उलट्या दिशेच्या ट्राममध्ये बसले. शेवटच्या थांब्यावर चालकाने उतरवलं. दुकानात मीठ समजून साखर आणली आणि भाजीत घातली. वर्गात प्रश्न विचारला तर दोन मुलं हसली."

"मग?"

"मग बाई म्हणाल्या, प्रश्न चुकीचा आहे, पण चांगला आहे. मग आम्ही सगळे तासभर त्या चुकीच्या प्रश्नावरच भांडलो. बाबा, इथे पहिल्यापासून नाही सुरू करावं लागत. चुकलं तिथूनच पुढे जातात."

"आणि जीव गेला तर?"

"ट्राममध्ये? बाबा, गाळ शिकतेय मी. गाळ हळू बसतो."

मास्तर खाटेवर बसले. बायकोने पाय आवरून जागा दिली. इतका वेळ बोट त्यांनी घंटेच्या दोरीवर ठेवावं तसं फोनवर ठेवलं होतं. ते सैल झालं.

"चुका मोजतेस का?"

"नाही."

"मोज."

"नाही मोजणार."

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. तिकडे पोरीला वाटलं, फोन तुटला. "बाबा?"

"ती उलट्या दिशेची ट्राम," ते म्हणाले. "शेवटच्या थांब्यावर काय होतं?"

"नदी होती."

"खरी?"

"खरी. खूप गढूळ."

"सांग," मास्तर म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, पुढे काय येणार हे ठाऊक नसताना, ऐकत राहिले.