अनंताचं आळं
आई गेली, लातूरचं घर विकलं. भाऊ म्हणाला, "काय पाहिजे ते ने." मी भांडी नेली नाहीत, साड्या नेल्या नाहीत. अंगणातल्या अनंताची फांदी तोडून आणली आणि कंधारला आमच्या दारात लावली. फांदी जगली. पण तीन वर्षं झाली, फुलाचा पत्ता नाही!

नवऱ्याला त्याच जागेवर गाडी लावायची होती. "पावसाळ्याआधी कोबा करणार हाय. तोवर फूल आलं तर झाड ठेवू," म्हणाला. मी म्हटलं, "कबूल. बघतेच!"

पण पानंच पिवळी पडायला लागली. नांदेडच्या नर्सरीवाल्याला पान दाखवलं. "बाई, राख घालता का? ह्याला आंबट माती लागते. राखेनं मरंल."

मी कुठं घालते राख? दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, पाण्याच्या चुलीची राख चाळून बुडाशी पसरून राहिलेल्या. आमच्याकडं मेथीपासून वांग्यापर्यंत सगळ्याला राखच. माझं डोकंच फिरलं. "आत्या, माझ्या आईचं झाड मारायलात तुम्ही!"

त्या चाळणी घेऊन गुमान आत गेल्या. मला लई वाईट वाटलं. रोज वाकून घालत होत्या, ते काय वैरानं?

पण झाड सोडणार नव्हते. वरची माती उकरून टाकली, नवी भरली, रोज तांब्याभर ताकाचं पाणी घातलं. पानं हिरवी झाली. मे महिन्यात एक कळी धरली. नवऱ्याला हाताला धरून दाखवली. चार दिवसांत उन्हानं गळून पडली. मिस्त्री दुसऱ्याच दिवशी येणार होता.

शब्द दिला तो दिला. सकाळी खुरपं घेऊन मीच बाहेर गेले, कुंडीत तरी जगतंय का बघावं म्हणून. तर आत्या आळ्याशी पाट टाकून बसलेल्या. मिस्त्रीला म्हणाल्या, "एवढं आळं सोडून घाल बाबा कोबा."

"आई, फूल कुठं आलंय?" नवरा म्हणाला.

"लग्नानंतर आठ वर्षांनी झालास तू. तवर मला कुणी उपटून टाकलं का?"

नवरा विटा आणायला गेला. मिस्त्रीनं आळ्याभोवती विटा लावल्या.

गाडी आता गल्लीत उभी असते. फूल अजून आलेलं नाही. मी काही हटत नाही, आणि आत्या तर ताकाच्या तांब्याला मला हातसुद्धा लावू देत नाहीत.