लक्ष्म्यांची भिंत

आमच्या पुढच्या खोलीला भिंती चार, पण कामाची एकच. एका भिंतीत रस्त्याकडचं दार आणि खिडकी. दुसरीत स्वयंपाकघराचं दार आणि त्याला चिकटून मोरीचं. तिसरीला धरून गच्चीचा जिना वर जातो; वर खोली बांधायची म्हणून जिना आधी घातला, खोली राहून गेली. चौथी भिंत तेवढी सलग. गंगाखेडला हे घर बांधताना नकाशा असा कुणी काढलाच नाही. आबांनी गवंड्याला हातवारे करून सांगितलं, त्यानं उभं केलं.

या एका खोलीत आम्ही जेवायचो, झोपायचो, टीव्ही बघायचो. जिन्याखाली ज्वारीची पोती, बाजूला आबांची बाज, आईची शिलाई मशीन, माझं टेबल. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. मला नोकरी लागली तेव्हा ऑफिसातले साहेब आणि त्यांच्या मिसेस घरी आले होते. दोघं बाजेवर बसलेले, समोरच मोरीचं दार. ते उघडलं आणि आबा टॉवेल गुंडाळून ओल्या अंगानं बाहेर आले.

"राम राम सायेब. बसा, बसा, उठू नका," म्हणत ते दोघांच्या पुढ्यातून गेले, दोरीवरचा सदरा ओढला आणि सावकाश स्वयंपाकघरात शिरले. मिसेस खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

दसरा झाला की आई-आबा ऊसतोडीला जातात. त्या वर्षी ते गेले आणि मी खोलीला हात घातला. लहान खोली मोठी कशी दिसेल याचे व्हिडिओ फोनवर बघून बघून सुताराला समजावलं. चौथी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून काढली. मधे टीव्ही, भोवती कपाटं, खाली बसायची पेटी, पेटीत पोती आणि अंथरुणं. बाज अंगणात गेली. मोरीच्या दारापुढं पडदा आला. रंग फिकट. फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला तर साहेबांनीही अंगठा दिला. मला तो दिवसभर पुरला.

गुढीपाडव्याच्या आसपास आई-आबा परत आले. आई डोक्यावरचं गाठोडं न उतरवता दारात उभी राहिली.

"लय चांगलं दिसायलंय, माय," ती म्हणाली. मग कपाटाच्या फळीला हात लावून विचारलं, "हे हलतं का?"

"हलंल कशानं? भिंतीत ठोकलंय. पक्कं."

"मंग चांगलंय."

पक्कं आहे हे सांगताना मला केवढा अभिमान वाटला होता.

श्रावण संपत आला. एका संध्याकाळी डाळ निवडता निवडता आई म्हणाली, "औंदा लक्ष्म्या अक्काकडंच करू. आपले मुखवटे तिथंच नेऊन ठेवू."

अक्का म्हणजे माझी मोठी काकू. भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या तेव्हा घरच्या महालक्ष्म्या तिच्याकडं राहिल्या. मग कितीतरी वर्षं भाद्रपदात आई तिच्या घरी जायची आणि मागच्या चुलीपाशी पुरण वाटत बसायची. पुढं बोलावलं तर नमस्काराला. आमचं हे घर उभं राहिलं तेव्हा फरशी बसायच्या आधी आईनं परभणीहून स्वतःचे मुखवटे आणले. लक्ष्म्या उभ्या राहायच्या त्या चौथ्या भिंतीला. दार उघडं टाकलं की रस्त्यावरून दिसायच्या, गल्लीतल्या बाया चपला काढून आत यायच्या. ते तीन दिवस आई पुढं बसायची. तिला कुणी काम सांगायचं नाही.

हे सगळं मी दरवर्षी बघत होते. साड्यांच्या निऱ्या मीच घालायचे. तरी सुताराला माप देताना मला साहेब कुठं बसतील तेवढंच दिसलं.

"जिन्यापाशी उभ्या करू," मी म्हणाले.

"वरून माणसं पाय देत जाणार अन् खाली लक्ष्म्या?"

"मग ह्या दारापाशी."

"मोरीला पाठ लावून?" आई हसली. "इतकं शिकलीस अन्..." पुढचं तिनं डाळीत घातलं.

"काढूनच टाकते सगळं. सुताराला बोलावते."

आबा अंगणातून बोलले, "काढायचं नाव घेऊ नको. आल्यागेल्याला ती दाखवती, लेकीनं केलं म्हणून. आता मोडलं तर तिनं काय सांगावं?"

आईनं मान वर केली नाही. मीही सुताराला बोलावलं नाही. खरं सांगायचं तर मला मोडायचं नव्हतं.

अक्काच्या घरी माजघर बायांनी भरलेलं. तिच्या लक्ष्म्यांच्या पायाशी एका ताटात आमचे मुखवटे ठेवले होते, नुसते, ना साडी ना दागिना.

"पोरीनं टीव्हीला मखर केलंय म्हणं," अक्का सगळ्यांदेखत म्हणाली. "मंग लक्ष्म्यांला जागा कुठली पुरायला."

बाया हसल्या. आई हात पुसत मागून आली.

"तसं न्हाई, अक्का. रंग नवा हाय, धुपाच्या धुरानं काळा पडंल म्हणून मीच नको म्हणले. पोरगी तर ऐकत नव्हती. तिला घरीच करायच्या हुत्या."

तिनं हे इतक्या सरळ आवाजात सांगितलं की बाया माझ्याकडं कौतुकानं बघायला लागल्या. मी नाही म्हणाले नाही.

मला प्लास्टिकची खुर्ची दिली, नोकरीवाली म्हणून. बाकी सगळ्या खाली सतरंजीवर. खुर्चीतून मागचं दार सरळ दिसत होतं. आई चुलीपाशी, पदर खोचलेला, कपाळाचा घाम दंडानं पुसत पुरण वाटत होती. अक्काच्या सुना पुढं होत्या. मी उठून मागं गेले.

"दे, मी वाटते."

"तू पुढं बस जा माय. साडी चांगली हाय तुझी."

मी पुढं येऊन बसले. बाया विचारत होत्या, ऑफिसात पंखा आहे का, बदली होती का, साहेब रागीट हाय का. मी सगळ्यांची नीट उत्तरं दिली.

आता आई-आबा पुन्हा उसाला गेलेत. काल सुताराला फोन केला. "ताई, काढताना फळ्या फुटतील," तो म्हणाला. फुटू द्या म्हणाले. तो रविवारी येतोय. आईला कळवलेलं नाही. कळवलं तर ती नको म्हणेल, आणि मी लगेच ऐकेन.