न सोडवलेल्या गणिताचा सत्कार

वेल्ह्याच्या स्टँडवर स्वारगेटची एसटी लागली, तेव्हा आईने पिशवीत नाचणीच्या भाकरी कोंबल्या आणि म्हणाली, "उत्तर मिळालं की लगीच ये." मी गणितात पीएचडी करायला जर्मनीला निघालो होतो. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. गुरुजींपासून शिष्यवृत्ती देणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे उपकार मी आजही मानतो. म्हणूनच पुढचं लिहिणं जड जातंय.

माझा विषय म्हणजे काकवीसारख्या चिकट द्रवांच्या प्रवाहाची समीकरणं. त्यांना कायम टिकणारं, कुठेही न बिघडणारं उत्तर असतंच का, हे आजवर कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. मी सिद्ध केलं ते एवढंच, की एका ठरावीक आकाराच्या नळीत सुरुवातीचा प्रवाह पुरेसा संथ असेल, तर असतं. फोनवर वडिलांना, आबांना सांगितलं, तर म्हणाले, "असतंय का न्हाई, एवढंच? मग काढणार कोण?" तिकडच्या थंड खोलीत, उकडलेल्या कोबीच्या वासात, मी खूप दिवसांनी हसलो.

पदवी घेऊन आलो तर चौकात फ्लेक्स. 'जगाला न सुटलेलं गणित सोडवणारा वेल्ह्याचा वाघ!' माझा फोटो कोपऱ्यात, पुढाऱ्यांचे मधोमध. मला शिसारी आली. असा खोटा दावा करणाऱ्याला आमच्या क्षेत्रात पुन्हा कुणी दारात उभं करत नाही.

संध्याकाळी देवळापुढे शाल, नारळ, फेटा. माईक हातात येताच मी म्हणालो, "ते गणित मी सोडवलेलं नाही. अजून कुणीच सोडवलेलं नाही."

सत्कार ठेवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष माझा वर्गमित्र. त्याने माईक ओढून घेतला. "बघा मंडळी! एवढा मोठा झाला, पण गर्व हाय का?"

टाळ्या. मी पुन्हा तेच म्हणालो. टाळ्या वाढल्या.

"आरं बास की, किती लाजशील?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

माझं खरं बोलणंही त्यांनी हारात ओवून माझ्याच गळ्यात घातलं. मी फेटा उतरवून घराकडे निघालो.

घरी आबांनी विचारलं, "सोडवलं न्हाईस म्हंजे न्हाईच ना?"

"नाही, आबा."

सकाळी ते कोयता घेऊन चौकात गेले आणि फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. अध्यक्ष धावत आला. "आबा, पोराचाच फ्लेक्स काढताय व्हय?"

"त्यो न्हाई म्हणतोय, तर न्हाई."

"आवो, मग त्याचं करणार काय?"

"गोठ्यावर टाकतो. म्हशी वाचतील."

माझ्यासारखे गाव सोडून बाहेर आलेले तुम्ही लोक विचारता, गावाची आठवण येते का. खरं सांगतो, त्या टाळ्या आठवल्या की अजून ओकारी येते. आता मी पुन्हा जर्मनीत आहे; इथेही सेमिनारमध्ये एखादा हुशार माणूस सिद्धतेतली फट झाकून टाळ्या घेतो, तेव्हा तशीच येते. अशा वेळी मी घरी फोन लावतो. आबांना माझ्या प्रबंधाची एक ओळ कळलेली नाही, पण त्यांच्यापुढे मला कुठलंही वाक्य दोनदा बोलावं लागत नाही. माझ्यासाठी घर आता तेवढंच उरलंय.