कोटाची घडी घालत नाहीत

सदर इसम पुरुष जातीचा असून वय अंदाजे पन्नास, बांधा किरकोळ, उंची बेताची. धंदा: कपड्यांना इस्त्री करणे. ओळखण्याची खूण: उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग. सदर इसम भर उन्हात काळा कोट घालून सायकल चालवताना आढळल्याने संशय आला. थांबवून झडती घेता कोटाच्या आतल्या खिशात पांढऱ्या पावडरीची पुडी मिळून आली. कोट व पुडी सदर इसमाच्या मालकीची आहेत.

उन्हाची गोष्ट खरी होती. पण इस्त्रीवाल्याचा एक नेम होता: इस्त्री केलेल्या कोटाची घडी घालायची नाही. घडी पडली की मेहनत पाण्यात, आणि हँडलला टांगला तर बाही चाकात. म्हणून गिऱ्हाइकाचा कोट तो अंगावर घालूनच पोचवायचा. गल्ली हसायची.

"आज वकील का हो?" दूधवाला विचारायचा.

"आज नवरदेव. परत येताना इस्त्रीवाला."

हा नेम सगळ्यांत जवळून ठाऊक होता तो धाकट्या भावाला. आईबाप गेल्यावर छोट्याला यानेच वाढवलं. स्वतः फाटक्या बनियनवर राहिला, पण छोट्याला चुरगळलेल्या शर्टात कधी शाळेत धाडलं नाही. छोट्या पुढे ताडासारखा वाढला. कामाच्या नावाने मात्र ठेंगणाच राहिला.

त्या दुपारी छोट्या आपला कोट घेऊन आला. पुलापलीकडच्या मित्राला उसना द्यायचा होता म्हणे. इस्त्रीवाल्याने नेहमीसारखे आधी खिसे उलटे केले. रिकामे होते. इस्त्री झाल्यावर छोट्याने कोट उचलला, खिडकीशी नेऊन न्याहाळला आणि म्हणाला, "दादा, हात कर पुढे. मी घालतो."

बटणंसुद्धा त्यानेच लावली. ज्याने उभ्या जन्मात पेलाभर पाणी विचारलं नाही, त्याने! इस्त्रीवाला नाक्यापर्यंत शीळ घालत गेला. नाक्यावर पोलिसांनी हात केला.

चौकीत त्याने छोट्याला बोलावून घ्यायला लावलं. एका वाक्याचं काम होतं: कोट माझा. छोट्या आला आणि छताच्या पंख्याकडे बघत उभा राहिला.

"कोट कुणाचा?" हवालदाराने विचारलं.

"दादाचाच. कोटबिट घालून हिंडत असतो तो. गल्लीत कुणालाही विचारा."

"छोट्या," इस्त्रीवाला हळूच म्हणाला, "इस्त्री केली तेव्हा खिसा रिकामा होता रे."

"मग मी काय करू?"

"बटणं तू लावलीस."

"उन्हाने डोकं फिरलंय तुझं, दादा. मी आज दुकानात आलोच कुठे?"

हवालदार हसला. "पकडला गेला की प्रत्येकाला भाऊ आठवतो."

इस्त्रीवाल्याने कोटाच्या बटणांकडे पाहिलं. पुडीचं काय ते साहेब बघतील. त्याला सलत होती ती बटणं. माया म्हणून लावली असं तो नाक्यापर्यंत समजत होता. पुडी पडू नये, एवढीच ती काळजी होती.

पंचनामा वाचून दाखवण्यात आला. 'कोट व पुडी सदर इसमाच्या मालकीची' या ओळीला छोट्याने मान डोलावली. सहीसाठी पेन पुढे आलं, पण इस्त्रीवाल्याची बोटं बाहीतून बाहेर येईनात.

बाही दोनदा दुमडावी लागली.