अकराव्या पाकाचा दाणा

एकेचाळिसाव्या वर्षी मी एम.एस्सी.च्या प्रबंधाला हात घातला, तेव्हा सांगलीच्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून मला सतरा वर्षे झाली होती. पदवी मिळाल्याशिवाय त्या टेबलावरून पुढे सरकता येणार नव्हते.

काम सांगायला सोपे होते. ग्लुकोजचे दोन रेणू एका ठरावीक जागी जोडायचे. साखरेच्या रेणूवर जवळजवळ सारख्याच अशा अनेक जागा असतात. नकोत त्या झाकायच्या, हवी ती उघडी ठेवायची, आणि जोड बसला की उरलेल्याही झाकून टाकायच्या. मग त्या पदार्थाचे स्फटिक करून ते किती अंशांना वितळतात ते मोजायचे. पुस्तकात १९५ दिले होते.

माझा दहाही वेळा पाक झाला. पिवळसर, चिकट. पाकाला वितळणबिंदू नाही, आणि आकड्याशिवाय प्रबंध नाही. माझ्या मार्गदर्शक सरांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली. चूक स्वच्छतेतच असणार असे धरून मी दर वेळी चंबू क्रोमिक आम्लाने दोनदा आणि पाण्याने सातदा धूत होतो.

गणपतीत मामा आले. फलटणकडच्या साखर कारखान्यात ते पॅनवर होते. दाट पाकात साखरेचा दाणा धरवणे हेच त्यांचे काम. जेवताना मी त्यांना सगळे सांगितले. त्यांनी आधी विचारले, भांडी कोण धुतं? मी धुण्याची पद्धत आकड्यांसकट सांगितली. घरातली ताटेसुद्धा मी पुन्हा विसळतो, अशी भर बायकोने घातली.

"मग कसा धरंल रं?" मामा म्हणाले. "आमी पाकात बी टाकतो. दाण्याला बघून दाणा धरतो, गड्या."

"पण मामा, माझ्याकडं पहिला दाणाच नाही."

"धा डाव केलंस न्हवं? कुटंतरी ऱ्हायला आसंल. तू लय धुतोस, म्हणून घावंना."

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगाची वही पहिल्या पानापासून वाचली. चौथ्या प्रयोगाखाली माझ्याच अक्षरात होते: नमुना ०.४ ग्रॅम, लहान बाटली, सरांना दाखवण्यासाठी. परत आल्याची नोंद नव्हती. बाटली सरांच्या कपाटात मागच्या बाजूला सापडली. बूच सैल, आत वाळलेला पाक, आणि काचेला मोहरीएवढा पांढरा ठिपका.

मी अकरावा पाक केला, अल्कोहोलात विरघळवला आणि काचकांडीच्या टोकाने त्या ठिपक्यातला कण त्यात सोडला. सकाळी चंबूच्या तळाशी बोटभर पांढरा थर होता.

ते स्फटिक १८९ला वितळले. सर खूश झाले; म्हणाले, १९५ लिहून टाका, माल तोच आहे. मी १८९ लिहिले. मळ राहिला की आकडा उतरतो, म्हणून बी म्हणून थोडे स्फटिक बाजूला ठेवून बाकीचे पुन्हा विरघळवले आणि नव्याने धरवले. १९२ आले. तिसऱ्यांदा १९४. चौथ्यांदाही १९४च, तेव्हा थांबलो. दिवाळीला पाच दिवस उरले होते.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी एकच गोष्ट खोदून विचारली: एका पदार्थाचे चार आकडे कशाला दिलेत?

"चार वेळा मोजले म्हणून," मी म्हणालो.

त्यांनी ते पान पुन्हा एकदा पाहिले आणि सही केली.