फेस पुसायचा कागद

काष्टीत स्टँडच्या रस्त्याला एक सलून होतं आणि त्याच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत पूलचं टेबल. आता तिथे मोबाईलचं दुकान आहे. सलूनवाले मामा माझ्या वडिलांच्या वयाचे. पुण्यात कुठलासा क्लब बंद पडला, तेव्हा त्यांनी ते टेबल टेम्पोत घालून आणलं होतं. फरशी उतरती, म्हणून एका पायाखाली फळीचा तुकडा. बाजारच्या दिवशी पुढे दाढीला रांग लागायची आणि मागे आम्हा कॉलेजवाल्यांची स्टिकवरून भांडणं चालायची.

मी स्टिक धरायचो फावड्यासारखी. घरी फावड्यानं कांद्याच्या वाफ्यांना पाण्याची दारं धरायची सवय. दांडा हातात आला की मूठ आपोआप आवळायची. मग ऐन मारताना मनगट वळायचं, टोक सरकायचं आणि पांढरा बॉल भलतीकडेच जायचा. पोरं म्हणायची, ह्याला समोरचं सोडून सगळं लागतं. मला राग यायचा आणि रागानं मूठ आणखी घट्ट व्हायची.

एकदा मामा हातातला ब्रश तसाच घेऊन मागे आले. दाढीचा फेस पुसायला ते वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे कापून ठेवायचे. त्यातला एक त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला आणि त्यावर स्टिक.

"दाबू नको. अंगठा न् दोन बोटं, बास. बाकीची नुस्ती टेकव. कोपराखालचा हात सरळ लोंबू दे. मारून झालं की कागद बघू."

कागदाचा बोळा झाला होता.

"आमी वस्तरा असा आवळला आस्ता तर गिऱ्हाईकाचा कानच हातात आला आस्ता," मामा म्हणाले आणि पुढे गेले.

पोळ्यापासून दिवाळीपर्यंत मी किती कागद चुरगळले कोण जाणे. मग एका दुपारी कागद जसाच्या तसा निघाला आणि बॉल सरळ पॉकेटमध्ये. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक तसंच सोडून मामा माझी पाठ थोपटायला आले. त्या दिवसाइतका आनंद मला डिग्री मिळाल्यावरही झाला नाही. अजून कुठे तुरटीचा वास आला की ती खोली आठवते.

दोन-तीन वर्षांनी मामांचाच नेम बिघडला. हातभर अंतरावरचा सोपा बॉल चुकला. "टोकाला लावायचा खडू वला हाय," ते म्हणाले. मी पाहिलं तर त्यांची मूठ गच्च, बोटांची पेरं पांढरी पडलेली. माझ्या जिभेला हाड नाही. सगळ्यांदेखत ओरडलो, "मामा, कागद चुरगळला की!"

खोली हसली. मामाही हसले आणि त्यांनी स्टिक भिंतीला टेकवून ठेवली. रिकामा झालेला त्यांचा उजवा हात थरथरत होता. ती थरथर दाबायलाच त्यांनी मूठ आवळली होती.

माझ्या ओरडण्यानं सगळ्यांचं लक्ष त्या हाताकडे गेलं. पुढच्या बाजाराला दाढीवाले शेजारच्या खुर्चीपुढे, मामांच्या भाच्याकडे थांबले. मामा रिकाम्या खुर्चीमागे उभे राहून आरसा पुसत राहिले.

मला राहवलं नाही. मी जाऊन त्यांच्या खुर्चीत बसलो.

"दाढी करा, मामा."

"भाच्याकडं बस."

"न्हाई. तुमच्याच हातची पायजे."

रांगेतले सगळे बघत होते. मामांनी सावकाश फेस लावला, नवं पातं घातलं. डाव्या हातानं उजवं मनगट धरून वस्तरा माझ्या गालाजवळ आणला. थरथर जवळजवळ थांबली होती. त्यांनी ती दाढी करावी असं मला अगदी मनापासून वाटत होतं, देवाशपथ. पण मामांची नजर खाली गेली. त्यांच्यामागोमाग मीही पाहिलं. खुर्चीचे दोन्ही हात मी मुठीत गच्च आवळून धरले होते.

त्यांनी वस्तरा मिटला. ओल्या टॉवेलनं माझा सगळा फेस पुसला, कानामागचासुद्धा. "आज ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाले आणि भाच्याला हाक मारली.

त्यानंतर मामांनी वस्तरा हातात घेतला नाही. माफी मागायला म्हणून मी कितीदा तरी त्या सलूनमध्ये गेलो, आणि दर वेळी त्यांच्याकडून मशीननं केस कापून घेऊन परत आलो.