झाकण घट्ट, तोंड सैल

नियम कडक असले की माणसं गप्प बसतात. जरा सैल झाले की तोंडं सुटतात. दुबईत दारूचे नियम सैल झाल्यापासून अल कुसैसच्या आमच्या बिल्डिंगमध्ये बाटल्यांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. मी पीत नाही. सगळ्यांच्या वतीने घाबरते!

•

वरच्या मजल्यावरचे फ्रान्सिसकाका वसईचे, हॉटेलात नोकरीला. दारूचं लायसन फुकट झालं त्या दिवशी चेहरा पाडून बसले.

"काय झालं, काका?"

"अगं, अख्ख्या बिल्डिंगमध्ये लायसनवाला मी एकटा होतो. मान होता! आता काय, कुणीही पिईल."

•

एकदा माझ्या नवऱ्याने, समीररावांनी जाहीर केलं, "उम्म अल कुवैन अमिरातीच्या बीचवर आता उघडी बाटली चालते!"

"कोण म्हणालं?"

"फॅमिली ग्रुपवर आलंय."

"टाकलं कुणी?"

"नागपूरच्या मामांनी."

मामा अजून विमानातसुद्धा बसलेले नाहीत!

•

गाडीत उघडी बाटली सापडली तर नोकरी, व्हिसा, सगळं खलास, ही माझी कायमची धास्ती. म्हणून निघण्याआधी मी गाडी हुंगते.

शाळेत टीचरने आमच्या चार वर्षांच्या ईराला विचारलं, "व्हॉट डझ युअर मम्मा डू?"

"शी स्मेल्स द कार."

तेव्हापासून टीचर माझ्याशी फार हळुवार बोलतात.

•

मग फ्रान्सिसकाकांसकट आम्ही सगळे उम्म अल कुवैनला पिकनिकला गेलो. शेजारच्या नसीमाआपा रत्नागिरीच्या, हज करून आलेल्या. त्या काचेच्या बाटलीतून कोकमाचं आगळ ग्लासांत ओतत होत्या. लालभडक! तेवढ्यात पोलिसांची गाडी थांबली.

"ये क्या है?"

"कोकम!" आपा म्हणाल्या.

"कौन सी कंपनी का?"

"कंपनी कसली, घर में बनाया है!"

"घर में बनाते हो?"

ऑफिसरने बाटली हुंगली, थेंबभर जिभेवर घेतला, डोळे गच्च मिटले आणि हसत बाटली परत दिली.

तोच ईरा पुढे झाली. "डोन्ट वरी, अंकल. द रिअल वन इज क्लोज्ड. इट्स इन द डिकी!"

फ्रान्सिसकाका एकदम समुद्र बघायला लागले.

"रहते कहाँ हो?"

"अल कुसैस," समीरराव पुटपुटले.

"मतलब शारजा से जाओगे."

शारजात तर दारूला पूर्ण बंदी! आमचे व्हिसा मला लाटांवर तरंगताना दिसले.

ऑफिसरने ईराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सिस्टर, शारजा आने से पहले बच्ची को सुला देना. यल्ला, निकलो!"